मीठ बघताना

डोळे उघडे ठेवा. नाक मात्र थोडा वेळ दाबून धरलंत तरी चालेल.

तुम्ही बर्लिनमध्ये आहात. 1860 च्या दशकातला एखादा डिसेंबर, पहाटेचे सहा, बाहेर मिट्ट काळोख. पायाखाली गोटे बसवलेला रस्ता, त्यावर गोठलेला चिखल, आणि रस्त्याच्या कडेने वाहणारं उघडं गटार. या शहराला जमिनीखालची गटारं अजून मिळायची आहेत. मोरीचं, धुण्याचं, अंगणातल्या खाटिकखान्याचं सगळं पाणी याच गटारात. थंडीमुळे आज वास कमी आहे असं इथली माणसं म्हणतात. तुम्हाला तसं वाटणार नाही. कोळशाचा धूर घशात उतरतो, डोळे चुरचुरतात, आणि कुठल्या तरी अंगणातून डुक्कर असं किंचाळतं की हातातली बादली डचमळते.

हो, बादली तुमच्या हातात आहे. कारण या घरात तुम्ही स्वयंपाकघरात हाताखाली कामाला आहात. झोपायला स्वयंपाकघरावरचा माळा, जिथे ताठ बसलं तर डोकं छताला लागतं. खालच्या चुलीची ऊब वर येते, तिच्याबरोबर कांद्याचा आणि चरबीचा वासही. पाहुणे म्हणून आला असतात तर दिवाणखान्यातून परत गेला असतात आणि काहीच कळलं नसतं. आजची गोष्ट स्वयंपाकघरातच घडणार आहे.

अंगणात चला. गावाबाहेर मोठा कत्तलखाना वगैरे अजून नाही. शहरभर शेकडो खाटीक आपापल्या मागच्या अंगणात जनावर कापतात. डुक्कर आडवं झालेलं आहे. उकळतं पाणी ओततात तशी वाफ उठते, त्या वाफेत माणसं दिसेनाशी होतात, फक्त केस खरवडण्याचा खर्र खर्र आवाज येत राहतो. एक बाई वाकून बादलीतलं रक्त हाताने ढवळते आहे, गोठू नये म्हणून. त्याचं सॉसेज व्हायचं आहे. पोरं भोवती उड्या मारताहेत. त्यांच्या दृष्टीने हा सणच.

हे डुक्कर कुठून आलं, हे कुणी विचारत नाही. ते आलं कुठल्या तरी खेड्यातून, जिथे संडास आणि डुकरांचं कुंपण पाठीला पाठ लावून असतं. गोव्यातल्या जुन्या घरांमागचे डुकरांचे संडास ज्यांना आठवतात, त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. त्या खेड्यातल्या एखाद्या माणसाच्या पोटात पट्टकृमी होता. त्याचे पिकलेले तुकडे विष्ठेतून बाहेर पडले. अशा एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात. ती डुकराने खाल्ली. अंड्यातून निघालेला जीव आतड्यातून रक्तात गेला, रक्तातून मांसात, आणि तिथे पाणीदार दाणा होऊन बसला.

आता स्वयंपाकघर. इथे घाम फुटेल एवढं गरम आहे. लांब लाकडी टेबलावर खिम्याचा ढीग, त्यावर मीठ, मिरपूड, बारीक चिरलेला कांदा. स्वयंपाकीणबाई कोपरापर्यंत हात घालून कालवताहेत. त्यांचे गाल लाल झालेत, कपाळावरचा घाम त्या खांद्याने पुसतात. मग बोटावर थोडा खिमा घेऊन तुमच्यापुढे धरतात.

"मीठ बघ गं जरा. मला आता काही कळेनासं झालंय."

कच्चा खिमा. इथे पावावर कांदा-मिरपूड घालून तसाच खातात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. तुम्ही चाखता. थंडगार, मऊ, खारट, कांद्याचा झणका. काहीतरी बुळबुळीत दाताखाली न येताच घशातून खाली उतरतं.

"थोडं मीठ लागेल," तुम्ही म्हणता.

झालं. जे व्हायचं ते एवढ्यातच झालं.

जे उतरलं ते आकाराने जेमतेम 5 ते 10 मिलिमीटर. दुधट, आरपार दिसणारी पिशवी, आणि आत उलटं दुमडलेलं एक इवलं डोकं. जठरातला आणि आतड्यातला पाचकरस लागला की ते डोकं पिशवीतून बाहेर उलटतं. त्याला चार चूषक असतात आणि कपाळावर आकड्यांची दुहेरी माळ. ते लहान आतड्याच्या भिंतीला धरतं आणि मागे एकेक तुकडा वाढवू लागतं. त्याला ना तोंड ना पोट. तुम्ही जे जेवाल ते तो अंगातूनच शोषून घेणार.

पुढचे दोन-तीन महिने तुम्हाला काय जाणवेल? बहुधा काहीच नाही, आणि हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं. कधी पोटात कळ, कधी अवेळी भूक, कधी मळमळ. इतक्या कामात, इतक्या थंडीत, एवढं कुणाला होत नाही? शेजारची म्हातारी सांगते, गोड खाल्लं की जंत होतात, आणि चंद्र उतरणीला लागला की औषध घ्यावं. ती खोटं बोलत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मोठमोठे पंडितही मानत होते की जंत पोटात आपोआप उपजतात, बिघडलेल्या रसातून.

मग मार्चमधल्या एका सकाळी, मेणबत्तीच्या उजेडात, भांड्यात तुम्हाला काहीतरी पांढरं दिसतं. भोपळ्याच्या बीसारखं चपटं, दोन-तीन तुकडे एकमेकांना जोडलेले. पोटात ढवळतं. कडेला फेकून द्यावं, कुणाला सांगू नये, असं वाटतं. फेकू नका. बाटलीत घाला, वर थोडं पाणी, आणि डॉक्टरांकडे चला. लाज बाजूला ठेवायची वेळ आयुष्यात फार थोड्या वेळा येते. ही त्यातली एक.

डॉक्टरांच्या खोलीत ओल्या लोकरीचा, तंबाखूचा आणि कापराचा वास दाटलेला. शेगडी धगधगते आहे. बाकावर तुमच्या आधी दोन जण खोकत बसलेत. तुमची पाळी येते. तुम्ही मान खाली घालून बाटली पुढे करता, आणि डॉक्टरांचा चेहरा खुलतो. दहा वेळा विचारूनही माणसं जे आणत नाहीत ते तुम्ही आपण होऊन आणलंत. ते तुकडा दोन काचांमध्ये दाबतात, खिडकीपाशी नेतात, मार्चच्या फिकट उजेडावर धरतात.

"इकडे या. तुम्हीही बघा."

तुकड्याच्या मधोमध एक रेघ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना फुटलेल्या फांद्या. ते गर्भाशय, अंड्यांनी भरलेलं. डॉक्टर एका बाजूच्या फांद्या मोजतात. सात ते तेरा असल्या तर डुकराच्या मांसातून आलेला कृमी. पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त असल्या तर गाई-बैलाच्या. फरक लहान दिसतो, पण त्यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे.

"आठ... नऊ. डुकराचा. स्वयंपाकघरात काम करता ना?"

तुम्ही चकित होता. त्यांना कसं कळलं? खाटीक आणि स्वयंपाकी यांच्यातच हा कृमी जास्त सापडतो, हे डॉक्टर मंडळींच्या ध्यानात आलेलं आहे. आणि मग काचा पुसता पुसता ते तुम्हाला सॅक्सनीतल्या त्सिटाऊ गावच्या फ्रीडरिश क्युखेनमाइस्टर या डॉक्टरची हकिगत सांगतात.

डुकराच्या मांसातला दाणा आणि माणसाच्या पोटातला पट्टकृमी एकच, असं या माणसाच्या डोक्यात बसलं होतं. आधी त्याने सशातले दाणे कुत्र्यांना चारून पाहिले, आणि कुत्र्यांच्या पोटात पट्टकृमी निघाले. पण माणसाचं काय? 1855 मध्ये एका खुन्याचा शिरच्छेद ठरला होता. क्युखेनमाइस्टरने त्याच्या शेवटच्या काही जेवणांत, कोमट सूपमध्ये आणि सॉसेजमध्ये, दाणे मिसळले. शिरच्छेदानंतर आतडं उघडलं तेव्हा भिंतीला डोकी रुतवून बसलेले बारके पट्टकृमी दिसले. पाच वर्षांनी दुसऱ्या एका कैद्यावर त्याने हेच अधिक दिवस आधीपासून केलं. दिलेल्या 40 दाण्यांपैकी जवळपास निम्म्यांचे कृमी झाले होते.

डॉक्टर हे कौतुकाने सांगतात. मला त्यांच्याइतकं निखळ कौतुक करता येत नाही. त्या पहिल्या कैद्याला कुणी विचारलं नाही, काही सांगितलंही नाही. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचं शेवटचं जेवणसुद्धा त्याचं राहू दिलं नाही. त्या काळातही काही जणांना ते खटकलं होतं. आणि तरी, तुम्ही आज बरं होण्याचा जो रस्ता चालणार आहात, जे पुढे मांसाच्या तपासणीचे कायदे होणार आहेत, त्यांचा एक पाया त्याच उघड्या आतड्यात आहे. या दोन गोष्टी मनात एकत्र बसत नाहीत. तशाच राहू द्या.

आता औषध. हा दिवस तुम्ही विसरणार नाही. आदल्या दिवशी जवळजवळ उपास. संध्याकाळी कांदा घातलेली खारवलेली मासळी, कृमीला हैराण करायला. रात्रभर तहान. पहाटे नेच्याच्या मुळाचा काळपट हिरवा, दाट अर्क. वास असा की पेला ओठांपाशी नेतानाच घसा बंद होतो. दुसरा एखादा डॉक्टर डाळिंबाच्या मुळाच्या सालीचा काढा देईल. तो युरोपातल्या डॉक्टरांनी हिंदुस्थानातल्या वैद्यांचं पाहून नव्याने उचलला. तिसरा अबिसीनियाहून आलेली कुसोची वाळलेली फुलं देईल. त्या देशात कच्चं गोमांस आवडीने खातात आणि दर दोन महिन्यांनी कुसो पिऊन पोट साफ करतात, इतका कृमी त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. तुमच्या वाट्याला नेचा आला आहे. नाक धरा, गिळा. आणि ओकू नका, नाहीतर परत प्यावं लागेल.

काही तासांनी एरंडेल. हे मात्र तुमच्या ओळखीचं! आजीने चमच्याने पाजलेलं तेच, जिभेला चिकटणारं. (पुढच्या पिढीतले डॉक्टर सांगू लागले की तेलामुळे या अर्काचं विष अंगात जास्त भिनतं. मात्रा चुकली तर दृष्टीसुद्धा जाई. तुमचे डॉक्टर मात्रा जपून देतात, हे तुमचं नशीब.)

मग कळा. कपाळ गार, तळवे ओले, कानात घूं घूं. भांड्यात कोमट पाणी भरून त्यावर तुम्हाला बसवलेलं आहे, कारण कृमी लोंबकळला तर स्वतःच्या वजनाने तुटतो. पाण्यात तरंगला तर अख्खा येतो. स्वयंपाकीणबाई दाराबाहेरून ओरडतात, "ओढू नकोस हं! अजिबात ओढायचं नाही!" त्यांना कसं माहीत, हे विचारायचं त्राण तुमच्यात नाही.

येतो. पांढरी, चपटी, कडेला चुणी पडलेली फीत, येतच राहते. दोन-तीन मीटर.

पण डॉक्टर अजून खूष नाहीत. बाह्या वर करून ते फीत पुन्हा पुन्हा धुतात, निमुळत्या टोकाकडे बोटं सरकवत नेतात, काळ्या पाटीवर पाणी ओतून निरखतात. त्यांना डोकं हवंय, जेमतेम एक मिलिमीटरचं. ते आत राहिलं तर पुन्हा सगळी फीत वाढेल, आणि जूनमध्ये तुम्ही परत याच भांड्यावर बसलेले असाल. पाऊण तास जातो. मग ते भिंगाखाली काहीतरी धरतात आणि तुम्हाला हाक मारतात. चार चूषक. आकड्यांची माळ. तुमच्या पोटात हिवाळाभर राहिलेला जीव हा असा दिसतो.

सुटलात. निदान पोटापुरतं तरी.

कारण उन्हाळ्यात घरमालकांची धाकटी मुलगी म्हणू लागते की तिच्या एका डोळ्यापुढे काळी गोल सावली हलते. कोपऱ्यात नाही, अगदी मधोमध. तिला कार्लस्ट्रासेवरच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफेंच्या नेत्रचिकित्सालयात नेतात, आणि बरोबर तुम्हाला पाठवतात. जिन्यावर गर्दी मावत नाही. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले गवंडी, आईच्या पदराआडची पोरं, पोलंडहून आलेले म्हातारे. गरिबांकडून इथे पैसे घेत नाहीत, हे दूरदूर पसरलेलं आहे. क्लोरोफॉर्मचा गोडसर वास. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा. मुलीच्या बाहुल्या थेंब घालून मोठ्या केलेल्या. ग्रेफे हेल्महोल्ट्झच्या नव्या उपकरणातून आत डोकावतात, आणि बराच वेळ काही बोलत नाहीत.

आत निळसर पांढरा बुडबुडा आहे. त्यातून मान बाहेर येते, उजेड पडताच आखडते. जिवंत.

इथे येणाऱ्या दर हजारातल्या साधारण एका डोळ्यात हे सापडतं. शस्त्रक्रिया करून तो बाहेर काढता येतो. दृष्टी पुष्कळदा वाचत नाही. आणि डोळ्यात दिसतो म्हणून तरी कळतं. मेंदूत बसलेले दाणे रुडॉल्फ फिरचोंना शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसतात, फिट येऊन गेलेल्या माणसांच्या डोक्यात.

पण मुलीने कच्चा खिमा कधी खाल्लाच नव्हता. तिला तो आवडत नसे. मग?

दाणा खाल्ला तर पोटात पट्टकृमी होतो. अंडी खाल्ली तर माणसाचंही डुकरासारखंच होतं: दाणे मांसात, डोळ्यात, मेंदूत. आणि अंडी डुकराच्या मांसातून येत नाहीत. ती येतात ज्याच्या पोटात कृमी आहे त्या माणसाकडून. नखांतून, न धुतलेल्या हातांतून, खत टाकलेल्या मळ्यातल्या कोशिंबिरीच्या पानांतून. म्हणूनच फांद्या मोजणं गरजेचं होतं: गाई-बैलाच्या कृमीची अंडी माणसाच्या अंगात अशी रुजत नाहीत.

फेब्रुवारीत, मार्चमध्ये, घरातली कोशिंबीर कोण चिरत होतं? तुम्ही. मळेवाल्याची पानंही असतील, दुसरं कुणीही असेल, नक्की काही सांगता येणार नाही. तुमचा दोष मी म्हणणार नाही. मोरीत साबण नव्हता, संडास अंगणाच्या टोकाला, पाणी पंपावरून आणायचं, आणि कुणी तुम्हाला हे सांगितलंच नव्हतं. तरी परतीच्या वाटेवर तुम्ही त्या मुलीचा हात धरायला कचरता, हे मला दिसतं आहे.

थोडं पुढे जाऊ. वीसेक वर्षं.

फिरचोंनी लावून धरलेला नगरपालिकेचा मोठा कत्तलखाना 1881 मध्ये उघडला आहे. रेल्वेचे रूळ थेट आत येतात. लोखंडी छताखाली शेकडो डुकरांचा कल्लोळ, साखळ्यांचा खणखणाट, वाफ, ओल्या फरशीवर घसरणारे बूट. आता अंगणात जनावर कापता येत नाही. सगळं इथे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पांढऱ्या कोटातला तपासनीस जबड्याच्या स्नायूवर सुरी फिरवतो, मग हृदय, मग जीभ, मग छाती-पोटामधला पडदा. जे स्नायू जास्त हलतात तिथे दाणे आधी दिसतात. शेजारच्या खोलीत बायका आणि पुरुष रांगेने सूक्ष्मदर्शकांवर वाकलेले आहेत. ते दुसराच एक कृमी शोधताहेत, ट्रिकिना नावाचा, ज्याने काही वर्षांपूर्वी हेडर्सलेबेन गावात शंभरावर माणसं मारली.

जीभ पाहणं तसं जुनंच. ॲरिस्टोफेनिसच्या ग्रीक नाटकातही डुकराच्या तोंडात दांडकं घालून जीभ तपासण्याचा उल्लेख आहे. नवं आहे ते पुढचं: शिक्का असल्याशिवाय मांस बाहेर जात नाही. थोडे दाणे असलेलं मांस पुढे जर्मन शहरांत पूर्ण उकळून, वेगळ्या दुकानात, ते कसलं आहे हे सांगून स्वस्तात विकू लागले, म्हणजे गरिबाचा घासही गेला नाही आणि त्यातून कृमीही आला नाही. ग्रेफेंचे शिष्य यूलिउस हिर्शबर्ग यांनी पाहिलं, की बुडबुडा असलेले डोळे दवाखान्यात दिसेनासे होत चालले आहेत. त्या मुलीच्या धाकट्या भावंडांच्या पिढीला हे दुखणं ऐकूनच माहीत.

आता घरी चला. पुण्यातलं रुग्णालय, आजची दुपार, एसीची थंड हवा, एमआरआयची ठकठक भिंतीतून ऐकू येते. तुमच्या शेजारी बसलेल्या कुटुंबातल्या मुलाला गेल्या आठवड्यात कॉलेजात फिट आली. पडद्यावर त्याचा मेंदू, त्यात एक छोटं कडं, कड्यात एक ठिपका. ते डोकं. ग्रेफेंनी उजेडात आखडताना पाहिलं होतं तेच.

"डॉक्टर, कसं शक्य आहे? आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही," वडील गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर हात ठेवून म्हणतात. "तीन पिढ्यांची वारी आहे."

"काका, यात मांस खाल्लं की नाही हा प्रश्नच नाही. कृमीची अंडी कोथिंबिरीच्या जुडीवरून येऊ शकतात, पाण्यातून येऊ शकतात, कुणाच्या हातून येऊ शकतात."

एके काळी आपल्याकडे अशी लहान कडी म्हणजे क्षयाची गाठ, असं समजून महिनोन्‌महिने औषधं देत, कधी डोकंही उघडत. यातली बहुतेक या कृमीचीच, हे दाखवण्यात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. वेदांतम राजशेखर यांचा मोठा वाटा. जिथे डुकरं मोकाट फिरतात आणि माणसं उघड्यावर बसतात, अशा अनेक भागांत अपस्माराच्या जवळपास 30 टक्के रुग्णांमागे हाच कृमी असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मुलाला फिट थांबवणारं औषध सुरू होतं. अल्बेंडॅझोल द्यायचं की नाही, त्याबरोबर सूज उतरवणारं स्टेरॉइड किती, हे डॉक्टर चित्र पाहून ठरवतात, कारण दाणा मरताना त्याच्याभोवती सूज येते. आई विचारते, भाजी कशी धुवायची, आणि डॉक्टर घाई न करता सांगतात: वाहत्या पाण्याखाली, पान न्‌ पान सुटं करून, शंका असेल तिथे शिजवूनच. हात साबणाने, संडासाहून आल्यावर आणि पिठात हात घालण्याआधी. मुलाचा मित्र मध्येच विचारतो, आम्ही पोर्क खातो, त्याचं काय? खा, पण आतपर्यंत शिजवून; मधे गुलाबी राहिलं तर परत चुलीवर.

मग डॉक्टर दुसरा कागद ओढतात आणि त्यावर घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहून घेऊ लागतात. आजी, आई, वडील, बहीण, आणि रोज पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. प्रत्येकाच्या शौचाचे तीन नमुने, वेगवेगळ्या दिवसांचे.

"मावशींना वाईट वाटेल हो," आई म्हणते.

"म्हणून तर सगळ्यांचेच घेतोय. तुमचंही नाव आहे यात. कुणाच्या पोटात निघाला तर त्यांचा दोष नाही, एका दिवसाच्या गोळ्यांचं काम आहे. मावशींनाच आत बोलवा, मी त्यांना समजावतो."